परत न केलेली ओटी

९ जानेवारी २०१२, कोहमारा

पोहोचले एकदाची! तिरोड्याहून गोंदिया, गोंदियाहून गोरेगाव, तिथून कोहमारा, आणि प्रत्येक एसटीत माझ्या मांडीवर कुणाचं ना कुणाचं पोर. मांडी रिकामी दिसली की बायका हक्कानं आपलं पोर तिच्यावर ठेवतात आणि खिडकीबाहेर बघायला मोकळ्या होतात. गोरेगावच्या अलीकडे एकानं माझ्या शालीवर ओकारी काढली. राग यायला हवा होता, पण बरंच वाटलं. सदतिसाव्या वर्षी माणूस कशानं खूश होईल सांगता येत नाही.

कोहमारा म्हणजे हायवेवरचा चौक. ढाबे, पंक्चरची दुकानं, उभे ट्रक. आमचं टेस्ट ट्यूब बेबी सेंटर चौकापासून थोडं आत आहे, मागे धानाच्या बांध्या. दुमजली गुलाबी इमारत आणि पाटीवर निळ्या डोळ्यांचं गोरंपान गुटगुटीत बाळ. असलं बाळ या जिल्ह्यात कुणाला झालं असेल तर मी नाव बदलीन. आत शिरल्याबरोबर दुसरी पाटी, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, हा कायद्याने गुन्हा आहे. ती फ्रेम करून, वर प्लास्टिकचा हार घालून लावली आहे.

माझी खोली वरच्या मजल्यावर, टोकाला. माझं पद समुपदेशक. इथे कुणाला हा शब्द उच्चारता येत नाही, त्यामुळे मी आल्या आल्या ‘मॅडमबाई’ झाले. स्वयंपाक आणि वरकाम करणाऱ्या जमुनाबाईंनी चहा आणला आणि कप टेकवायच्या आत विचारलं, लेकरं किती. नाहीत म्हटलं. त्यावर त्या खूश झाल्या. “मंग तं बरोब्बर जागी आल्या तुमी!” म्हणाल्या. मी इतकी हसले की चहा सांडला.

खोटं कशाला लिहू, नोकरीसाठी मी आलेच नाही. इथे वर्षभराचा करार केला की कर्मचाऱ्याला एकदा उपचार मोफत. लग्नाला अकरा वर्षं झाली, नागपूरला दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा काही राहिलं नाही. मला मूल हवं आहे. समुपदेशकानं असं हावऱ्यासारखं लिहू नये, पण ही वही माझी आहे.

१३ जानेवारी

सेंटरच्या डॉक्टरांना, हिमांशु सरांना, आज विचारलं, एवढं मोठं सेंटर या ट्रकवाल्यांच्या चौकात कशाला काढलं? सर मूळचे गोंदियाचे, शिकले मुंबईत, बोलतात हिंदी. म्हणाले, रायपूर, दुर्ग, नागपूर, बालाघाटच्या जोडप्यांना आपल्या गावात असल्या दवाखान्याची पायरी चढताना कुणी पाहिलेलं चालत नाही. घरी सांगायचं, नवेगावला पक्षी बघायला चाललो. “यहाँ कोई नहीं पहचानता, मंजूजी.” खरंच, अंगणातल्या गाड्यांमध्ये पुढच्या काचेशी दुर्बिणी ठेवलेल्या दिसल्या. पक्ष्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

मागच्या बाजूला वसतिगृह आहे. दुसऱ्याचं मूल पोटात वाढवणाऱ्या बायका तिथे नऊ महिने राहतात. सगळ्या आसपासच्या गावांतल्या, आणि गावात सांगायला सगळ्या नागपूरच्या कंपनीत कामाला. त्यांतली फुलवंता सौंदडजवळची. पहिल्याच भेटीत तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मॅडम, तुम्ही बोलायचा पगार घेता का, असं विचारलं. हो म्हणावं लागलं.

या सगळ्यावर कायदा कोणता, हेही सरांना विचारलं. सोनोग्राफीसाठी आहे, कडक आहे. या कामासाठी नुसत्या मार्गदर्शक सूचना आहेत, पाळल्या तर पाळल्या. कायद्याचा मसुदा दिल्लीत वर्षानुवर्षं पडून आहे. “बिल दिल्ली में पेट से है, डिलिवरी की तारीख किसी को मालूम नहीं.” सगळा स्टाफ हसला, मीही हसले. नव्या नोकरीत साहेबाच्या विनोदाला हसावंच लागतं.

सर एकेका बाईत चार-चार, पाच-पाच गर्भ ठेवतात. एक तरी रुजतो आणि जाहिरातीतला यशाचा आकडा फुगतो. जास्त रुजले तर जादाचे सुईनं कमी करायचे. हे बायकांना गोड शब्दांत समजावणं, हेच माझं काम. नागपूरच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मला हेच समजावलं असतं तर मी त्यांच्या तोंडावर फाइल मारली असती.

२३ जानेवारी

आज पहिल्यांदा ‘कमी करणं’ पाहिलं. फुलवंताचे चारही रुजलेत आणि रायपूरच्या जोडप्याला दोनच हवेत. ती चौथ्या महिन्यात पडते आहे, तेरावा आठवडा. एवढा उशीर का केला, असं मी सरांना विचारलं, तर म्हणाले, तेव्हा नीट दिसतं. काय नीट दिसतं म्हटलं तर ते हातमोजे शोधायला वळले.

मी तिचा हात धरून बसले. पोटावरून लांब सुई गेली, पडद्यावर एक ठोका थांबला, मग दुसरा. मी शिकवलेलं बोलत होते, जे राहतं तेच खरं, बाकीचं आपलं नव्हतंच. फुलवंता छताकडे बघत होती. म्हणाली, “राहते ते बी माहं नोहे, जाते ते बी माहं नोहे. मंग मी रडून काऊन राहिली, ताई?”

दोन वर्षं समाजकार्य शिकले. ते सगळं सोडून मी तिचे डोळे पदरानं टिपले.

२४ जानेवारी

दुपारी फुलवंतानं निरोप पाठवला, ओटी भरायची आहे. मला वाटलं तिची भरायची असेल. इथे तेही चालत नाही. डोहाळजेवण नाही, ओटी नाही, सुतक तर नाहीच, बायकांनी जीव लावू नये म्हणून सरांचा नियम आहे. गेले तर तिनं मलाच पाटावर बसवलं. हळदकुंकू, सुपारी, आणि तिच्या घरून आलेले नव्या धानाचे तांदूळ. पाच मुठी भरून माझ्या पदरात घातल्या आणि म्हणाली, “त्या दोघी कोणाच्याच नाही म्हणते डॉक्टर. मंग मी तुमाले देऊन राहिली. तुमची ओटी खाली हाय.”

अंगावर काटा आला आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम.

आमच्याकडे ओटी भरली की त्यातले चिमूटभर दाणे भरणारीच्या पदरात परत टाकतात. तिचा पदर कोरडा राहू नये आणि दिलेल्यातलं थोडं तिच्याकडे राहावं, म्हणून. आई लहानपणापासून हेच करायला लावायची. माझी चिमूट भरली सुद्धा होती. मग मनात आलं, अकरा वर्षं परत करत आले, मला काय मिळालं? सगळे तांदूळ पदरात गुंडाळले आणि उठले. फुलवंतानं पाहिलं. आपला रिकामा पदर कमरेला खोचला.

रविवारी त्यांची खीर करून खाणार आहे. एकटी खाणार.

८ फेब्रुवारी

झालं! आज माझा नंबर होता. दोनच गर्भ चांगले निघाले, सरांनी दोन्ही ठेवले. चार निघाले असते तरी मी दोनच म्हटलं असतं. माझ्या नवऱ्यानं, लोकेंद्रनं, शाळेत रजा टाकली होती. बाहेर बाकावर बसून त्यानं अख्खं वर्तमानपत्र वाचलं, जाहिरातींसकट. सासूबाईंचा फोन आला, पाय वर करून झोप. त्यांना कुणी सांगितलं असेल ते असो, पण मी झोपले.

पडून राहायचं म्हणून मागचं लिहून टाकते. फुलवंताची ओटी जमुनाबाईंनी सगळ्या वसतिगृहात सांगितली आणि आता तशी रीतच पडली आहे. बालाघाटकडच्या भूमेश्वरीचा एक कमी केला, दुसऱ्या दिवशी ती तांदूळ घेऊन हजर. रायपूरची एक काळ्या चष्म्यातली बाई स्वतःच्याच उपचारासाठी आली होती, तिचाही एक काढला. तिनं गाडीत बसता बसता जमुनाबाईंकडून स्वयंपाकघरातले तांदूळ मागून घेतले, चष्म्याआडून रडत माझी ओटी भरली आणि नवऱ्यानं हॉर्न वाजवल्यावर गेली. मी कुणाला नाही म्हणत नाही. माझ्या तासाभराच्या बोलण्यानं जे होत नाही ते पाच मुठी तांदळानं होतं.

परत मात्र मी कुणालाच दिले नाहीत. सगळे खाल्ले.

२२ फेब्रुवारी

राहिलं! रक्ताची तपासणी दोनदा करून घेतली. जमुनाबाईंना मिठी मारली, त्यांचा हात पिठाचा होता, तो माझ्या पाठीवर अजून उमटलेला आहे. लोकेंद्र फोनवर काही बोलेचना, मला वाटलं रेंज गेली. रडत होता.

७ मार्च

उद्या धुळवड. मी रंग खेळणार नाही, मला कशाला रंग हवेत. आज पडद्यावर ठोका दिसला. एकच आहे, दुसरा रुजला नाही. मिचमिच मिचमिच करत होता. सरांनी आवाज मोठा केला. मी म्हटलं, अजून थोडा वेळ ठेवा. त्यांनी ठेवला.

माझं आहे. माझं. डाव्या बाजूला, वरती.

२३ मार्च, गुढीपाडवा

सर म्हणाले, दोन दिसतायत. मागच्या वेळी एक मागे लपलं असेल, होतं असं कधीकधी. तिरोड्याला फोन केला तर सासूबाईंनी दोन मुलांची नावंही ठरवून टाकली.

आनंद व्हायला हवा, झालाही. एकच गोष्ट खटकते. दुसरं अंगानं बरंच मोठं आहे. सर म्हणाले माप चुकलं असेल. ते माप कधी चुकत नाहीत.

१ एप्रिल

पोटात हालचाल होते. दहावा आठवडा आहे, एवढ्यात जाणवत नाही, मी स्वतः बायकांना हे सांगते. गॅस असेल म्हणून ओवा खाल्ला. ओव्यानं गॅस थांबतो, हे थांबलं नाही. कुणीतरी बोटांनी आतून चाचपून बघतंय.

दुपारी फुलवंताच्या खोलीत गेले. तिचं पोट आता चांगलं दिसतं. तिनं न विचारता माझ्या उजव्या कुशीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिचा चेहरा इतका मऊ झालेला मी कधी पाहिला नव्हता. “ह्या दोघी माह्या,” म्हणाली. “बऱ्या हायेत.”

मी हात झटकला. चिडले तिच्यावर. मला दोन आहेत, त्यांतलं एक माझं. तिसरं आणू कुठून.

५ एप्रिल

तपासणी पथक आलं. तिघं होते, सज्जन माणसं, त्यांचं काम त्यांनी मन लावून केलं. सोनोग्राफीचं मशीन पाहिलं, हार घातलेली पाटी पाहिली, पाटीची अक्षरं पुरेशी मोठी आहेत का तेही पाहिलं. एका बाईत किती गर्भ ठेवता आणि किती काढता, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचा त्यांना अधिकारच नाही, तो कायदा अजून दिल्लीत आहे. जमुनाबाईंनी पोहे केले होते.

मी त्यांना चहा देत होते. मनात म्हटलं, विचारा ना मला. कुणीतरी विचारा, या बाईच्या पोटात कोण आहे. साखर किती, एवढंच त्यांनी विचारलं.

११ एप्रिल

पाच.

सरांनी तीनदा मोजलं. मग लॅबमधल्या पोरांना बोलावून इतके ओरडले की अंगणातले ड्रायव्हर आत डोकावले. ठेवले दोन, ठोके पाच. एकाचे दोन होतात कधी, असं ते मला समजावत होते, पण बघत भिंतीकडे होते.

चौघी सारख्या मापाच्या आहेत. तेरा आठवड्यांच्या. दोन उजवीकडे, एक बेंबीखाली, एक पाठीशी. आणि डावीकडे वर एक लहानशी, अकरा-बारा आठवड्यांची. माझी.

पाडव्याला जी मोठी दिसली होती, ती तेव्हाही तेरा आठवड्यांचीच होती. सरांना मी हे दाखवलं. ठोका आहे आणि वाढ नाही, असं कसं? त्यांनी पडदा बंद केला.

१५ एप्रिल

बायका येतात. कामाच्या मिषानं येतात, दारात रेंगाळतात, मग हात पुढे करतात. भूमेश्वरी बेंबीखाली हात ठेवते आणि गुणगुणते. तिला कुणी सांगितलं नाही की तिची तिथे आहे. आज रायपूरची काळ्या चष्म्यातली आली, नवऱ्याला गाडीत बसवून. माझ्या पाठीला गाल लावून उभी राहिली. माझ्यासाठी तिनं पेढे आणले होते आणि एक लोकरीचं टोपडं. एवढ्या उन्हाळ्यात.

सगळ्या किती निवल्यात! माझ्याजवळून जाताना हसतात. मलाच कुणी विचारत नाही.

फुलवंताच्या पाया पडले. बाजारातून पायलीभर तांदूळ आणले होते, तिच्या पदरात ओतायला गेले, म्हटलं चिमूट नाही, सगळे घे, तेव्हाचं राहिलं होतं ते परत घे. तिनं पदर मिटला. “दिल्लं ते दिल्लं, ताई. आता माह्या घरी पाठवून कायले राहिल्या? तिथं कोण हाय त्यांचं?” तांदूळ फरशीवर सांडले. जमुनाबाई झाडून घेऊन गेल्या.

१९ एप्रिल

फुलवंता ‘दोघी’ म्हणाली होती. मीही चौघी लिहिते, लिहितेच आहे, आणि मला कुणी सांगितलेलं नाही.

सरांच्या खोलीत जाऊन सरळ विचारलं. तेराव्या आठवड्यात काय नीट दिसतं? त्यांनी दारही लावून घेतलं नाही. म्हणाले, लोग इतनी दूर से आते हैं, मंजूजी, कमी करायचेच आहेत तर मुली कमी केल्या, कुणाचं काय बिघडलं. कागदावर तर काहीच येत नाही.

मी त्या प्रत्येकीचा हात धरला होता. जे राहतं तेच खरं, असं सांगितलं होतं. त्या पोटातून ऐकत असतील.

२३ एप्रिल

आज तेरावा आठवडा पूर्ण झाला. सरांनी पाहिलं. लोकेंद्र आला होता, सर त्याला बाजूला घेऊन गेले. हार घातलेल्या पाटीखालीच उभे राहून बोलले.

माझीही मुलगीच.

लोकेंद्र माझ्याशेजारी बसला. अकरा वर्षं माझ्याबरोबर रडलेला माणूस. म्हणतो, पाच तुझ्या जिवाला झेपणार नाहीत. बरोबर आहे. म्हणतो, सर सगळंच मोकळं करायचं म्हणतात. म्हणतो, पुढचा उपचारही मोफत देतील आणि तेव्हा आधीच बघून ठेवतील. सासूबाईही तेच म्हणतात.

मी म्हटलं, ही माझी आहे. डावीकडची. ही एक राहू दे. तो म्हणाला, मुलगीच तर आहे. शाळेत हा ‘लेक वाचवा’ची फेरी काढतो. पोरांच्या पुढे चालतो, हातात फलक घेऊन.

२५ एप्रिल

फाटकाला कुलूप आहे. मला विश्रांती हवी म्हणून. फोन लोकेंद्रकडे आहे.

त्या चौघी हलत नाहीत आता. डावीकडे तोंड करून आहेत. मला कसं कळतं ते विचारू नका — कळतं. माझी मध्येच लाथ मारते, हलकीच, आणि मग चौघी एकदम दचकतात.

सरांचे पाय धरले. सगळ्या काढा, डावीकडची ठेवा. सर म्हणाले, ठीक आहे मंजूजी, रख लेंगे. लोकेंद्रकडे बघून म्हणाले.

सही नवऱ्याची चालते. हे बायकांना मीच सांगत आले —

२६ एप्रिल

दुपार. तयार केलंय. हाताला सुई लावून ठेवली आहे, उजवा मोकळा आहे म्हणून लिहिते. जमुनाबाई केस विंचरत आहेत. म्हणतात, पुढच्या वेळी पोरगा होईल. प्रेमानं म्हणतात.

फुलवंता दारात उभी आहे. तिला आत येऊ देत नाहीत. ती घाबरलेली नाही. तिची ती शांत नजर — तिला काय माहीत आहे जे मला —

बोलवतात. डावीकडची. वरची. मी भूल चढेपर्यंत सांगत राहणार, डावीकडची, वर —

२७ एप्रिल

उठवत नाही. सरांनी पाचही कमी केल्या. एकेक करून, पाचही. कुणी सांगितलं नाही, लोकेंद्र माझ्याकडे बघत नव्हता त्यावरून —

दुधाचा वास येतो अंगाला. कुठून येतो.

हलतंय. कुणीतरी हलतंय. एक राहिली! सुई चुकली असेल, चुकते कधीकधी. देवा, डावीकडची असू दे. बाकी काही मागत नाही, डावीकडची —

२८ एप्रिल

सरांनी सोनोग्राफीचा पडदा चालू केला. चार ठोके.

दोन उजवीकडे. बेंबीखाली एक. पाठीशी एक. तेरा आठवडे. जशा होत्या तशा.

सर यंत्र टाकून बाहेर गेले. लोकेंद्र त्यांच्या मागे. दार उघडंच आहे, बायका आत आल्यात, पोटावर हात ठेवतायत. हसतायत. फुलवंता म्हणते, “भेव नोका, ताई. ह्याईले काही होत नाही.”

हिला आधीपासून माहीत होतं. त्या एकदा सुईनं गेलेल्या. त्यांना सुई पुन्हा काय करणार. त्यांचं वाढणं नाही, मरणं नाही, त्या माझ्याच इथे राहतील — कधीपर्यंत — कोणत्या महिन्यात —

डावीकडे मी हात ठेवून आहे. कुणी येत नाही तिथे हात ठेवायला. सुईला जीव लागतो घ्यायला. पाचांत जिवंत अशी एकच होती, आणि ती —